अकरा फरश्या

फिरदोस मॅडमचं अक्षर फार सुरेख होतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला होता.

सोलापुरातल्या त्या शाळेत त्या एकोणीस वर्षं गणित शिकवत होत्या. शाळेच्या फाटकावर निळ्या पत्र्याची एक पाटी होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘दहावी : सलग १२ वर्षे १००% निकाल’. दरवर्षी निकाल लागला की लालसाब पेंटर शिडी घेऊन यायचा, जुना आकडा निळ्या रंगानं पुसायचा आणि एकानं वाढवून नवा लिहायचा. मुख्याध्यापक माने सर खाली उन्हात उभे राहून ‘जरा डावीकडं, जरा ठळक’ असं सांगत राहायचे. वर्षातला तो अर्धा तास माने सरांचा सगळ्यात सुखाचा. पोराच्या लग्नातसुद्धा सर इतके खुलले नव्हते, असं शाळेचा शिपाई सांगायचा.

हा शंभर टक्के निकाल कसा लागतो, ते सगळ्या शाळेला ठाऊक होतं आणि कुणी त्यावर तोंड उघडत नव्हतं. गणितात गटांगळ्या खाणारी पाच-दहा पोरं दरवर्षी नववीतून वर यायचीच. जूनमध्ये त्यांच्या आईबापांना बोलवायचं. दाखला काढून घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून परीक्षेला बसवा, म्हणजे पोरावर ताण यायचा नाही, असं गोड बोलून त्यांना वाटेला लावायचं. बाहेरून बसलेलं पोर शाळेच्या निकालात धरत नाहीत. पुढं ते पास झालं, नापास झालं की परीक्षेला गेलंच नाही, हे विचारायचं शाळेला काही कारण उरत नाही. आईबापांना तो फॉर्म भरता यायचा नाही, म्हणून फिरदोस मॅडम तो भरून द्यायच्या. अक्षर सुरेख होतं ना.

असा उरलेला वेळ हुशार मुलांच्या कारणी लागायचा. सकाळी साडेनऊ ते साडेदहा ‘गुणवत्ता वर्ग’ भरायचा. निवडक सहा मुलं आणि समोर फिरदोस मॅडम. त्या तासाची मॅडमना स्वतःलाच गोडी लागली होती, हेही खरं. अर्धं वाक्य बोलावं आणि समोरच्यानं उरलेलं पुरं करावं, याच्यासारखं सुख मास्तरकीत दुसरं नाही.

त्या जूनमध्ये यादीत अकरा नावं होती. पहिलं नाव ऋतुजाचं. तिची आई तानाबाई कडक भाकऱ्या करून दुकानांना घालायची. ती भल्या पहाटेपासून तव्यासमोर बसून तशीच उठून आली होती, पदराला पीठ होतं. माने सरांनी नेहमीचं गोड बोलणं सुरू केलं. तानाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजी सर, माझी पोरगी लई ढ हाय का वो?”

“तसं नाही हो बाई. तिच्याच भल्यासाठी म्हणतोय मी.”

“भल्यासाठी मग शाळंतनं का काढताय?”

 सरांनी फिरदोस मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी फॉर्म पुढं ओढला आणि नावाच्या रकान्यात पेन टेकवलं, तर पेन चालेना. त्यांनी ते झटकलं, कोपऱ्यावर घासून पाहिलं. तेवढ्यात ऋतुजानं दप्तर उघडलं, आपलं पेन काढलं आणि टोपण काढून मॅडमच्या हातात दिलं. “हे घ्या मॅडम, चांगलं चालतंय,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता की रडू नव्हतं. मॅडमना पेन लागलं, आपल्याकडं आहे, दिलं. फिरदोस मॅडमना अतीक आठवला. पाच वर्षांपूर्वी याच टेबलावर त्यांनी लालसाब पेंटरच्या अतीकचा फॉर्म भरला होता. अतीक परीक्षेला गेलाच नाही. आता तो मार्केट यार्डात हमाली करतो. मॅडम भाजीला गेल्या की लांबूनच सलाम करतो, आणि त्या सलामाला उत्तर देताना मॅडमची मान खाली जाते. बापानं मात्र दरसाल येऊन पाटीवरचा आकडा वाढवायचा, आणि त्यानं कधी हूं की चूं केलं नव्हतं.

मॅडमनी पेनाला टोपण लावून ते ऋतुजाला परत दिलं. “हा फॉर्म मी भरणार नाही सर. बाकीचे दहाही भरणार नाही. ही पोरं आपल्याच शाळेतून बसतील.”

तानाबाईला बाहेर पाठवून माने सरांनी दार लावून घेतलं. पुढचा अर्धा तास ते बोलत होते. बारा वर्षांची अब्रू, संस्थेची बैठक, पालकांचा विश्वास, सगळं येऊन गेलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, “सर, बारा वर्षांत एकदाही आपला निकाल शंभर टक्के लागलेला नाही. तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.”

माने सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी एक कोरा कागद पुढं सरकवला. “मग द्या लिहून. यातलं एक जरी पोर पडलं, तर तुम्ही दहावी सोडायची. रिटायर होईपर्यंत नुसती पाचवी घ्यायची.”

दहावीचं गणित हा फिरदोस मॅडमचा जीव होता. तरी त्यांनी लिहून दिलं, तेही सुरेख अक्षरात. खाली आणखी एक ओळ टाकली, सकाळचा तास यंदा या अकरा मुलांचा.

आता इथं कुणाला वाटेल, बाई हट्टाला पेटल्या आणि पोरं धडाधड सुधारली. तसं काही झालं नाही. पहिले दोन महिने मॅडमनीच चुकीचं शिकवलं. हमखास येणारी गणितं काढायची, फळ्यावर सोडवायची, पोरांनी वहीत उतरवायची, दहादा गिरवायची. वह्या देखण्या झाल्या. ऋतुजाची वही तर प्रदर्शनात ठेवावी अशी, समास आखलेला, उत्तराभोवती चौकट. ऑगस्टअखेर मॅडमनी चाळीस मार्कांची चाचणी घेतली. अकरापैकी नऊ जणांना दहाच्या आत मार्क पडले. ऋतुजाला तीन.

त्या दिवशी मॅडमनी तिची वही पहिल्यापासून चाळली. पाचवीपासूनच्या जुन्या वह्या घरून मागवल्या. एकेका पानावर मॅडमनीच मारलेले शेरे होते, ‘सुंदर’, ‘छान’, ‘नीटनेटके’. आणि सगळी गणितं दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेली. “हे तुला कळलं होतं का गं?” त्यांनी एका पानावर बोट ठेवून विचारलं.

“न्हाई मॅडम.”

“मग विचारलं का नाहीस?”

“वही तर पुरी होती की,” ऋतुजा म्हणाली.

मॅडमना स्वतःचा संताप आला. पाच वर्षं आपण हिचं अक्षर तपासत होतो, गणित तपासलंच नाही. अपूर्णांकांची बेरीज हिला पाचवीत अडली ती अजून अडलेलीच आहे, आणि आपण वर चांदण्या देत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अकराही जणांच्या वह्या कपाटात टाकून कुलूप लावलं. खडूचा डबा घेतला आणि पोरांना व्हरांड्यात आणलं.

शाळेचा व्हरांडा शहाबादी फरशीचा होता. दोन फुटी चौकोनी फरश्या, लांबीला पंचेचाळीस आणि रुंदीला सहा. पायांनी घासून घासून गुळगुळीत झालेल्या. मॅडमनी एकेका पोराला एकेक फरशी नेमून दिली आणि सांगितलं, “गणित हिच्यावर करायचं. चुकलं तर ओल्या फडक्यानं पुसायचं. उतरवून घ्यायला काही नाही, जपून ठेवायलाही काही नाही.”

पोरं गुडघ्यावर बसून गणितं करू लागली. मॅडम या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायच्या. वहीत चूक पान संपल्यावर दिसते, इथं ती होता होता दिसायची. वजाचं चिन्ह पळालं, की पळाल्या जागीच मॅडमचं पाऊल थांबायचं. त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या उभ्या राहायच्या. पोरगं वर बघायचं, मग खाली बघायचं, आणि फडक्याकडं हात न्यायचं. पहिले पंधरा दिवस फक्त पाचवी-सहावीचं गणित चाललं. दहावीच्या पोरांना याची लाज वाटली असती, पण पुसलं की काही उरतच नव्हतं, त्यामुळं लाजायचं कशाला हेही पोरांच्या ध्यानात आलं. कुणी चुकलं की शेजारचा मान लांब करून सांगायचा, आणि मॅडम त्याला अडवायच्या नाहीत.

व्हरांडा पांढराफटक झालेला पाहून माने सरांनी कपाळाला हात लावला. पण लिहून दिलेला कागद खणात होता, म्हणून गप्प बसले.

गप्प बसले नाहीत ते चनमल्लप्पा. टॉवेलचे व्यापारी, संस्थेच्या कमिटीवर, आणि उत्कर्षाचे वडील. उत्कर्षा म्हणजे शाळेची आशा. ही मुलगी गणित वाचता वाचता सोडवायची. एक दिवस साडेनऊलाच चनमल्लप्पा व्हरांड्यात येऊन उभे राहिले.

“मॅडम, तुम्ही ह्या पोरांसाठी राबताय, चांगलं हाय. मी वाईट म्हणत न्हाई,” ते म्हणाले. “पण माझ्या लेकीचा तास काढून घेतला की तुम्ही. हुशार असणं काय गुन्हा हाय का? ती वर्गात बसती, पाच मिनिटांत सगळं करती आणि उरलेला वेळ खिडकीतनं बघत बसती. तिच्याकडं कोण बघणार?”

फिरदोस मॅडमकडं तोडीस तोड उत्तरं तयार होती. पण त्यांनी ती दिली नाहीत, कारण माणूस खरं बोलत होता. अकरा पोरांना पोटाशी धरताना त्यांनी या बाराव्या पोरीला वाऱ्यावर सोडलं होतं. मात्र दुसरं एक खरं त्यांना इतक्या वर्षांनी प्रथमच दिसलं. गुणवत्ता वर्गात त्या उत्कर्षाला येणारीच गणितं पुन्हा पुन्हा करायला लावणार होत्या, चुकून एखादा मार्क जाऊ नये म्हणून. त्यात त्या मुलीला शिकायला काय होतं?

“बरोबर आहे तुमचं,” मॅडम म्हणाल्या. “उद्यापासून तिलाही पाठवा. पण तिला माझा तास मिळणार नाही. तिला अवघड गणित मिळेल.”

दुसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ, उत्कर्षाला तिची फरशी मिळाली. मॅडमनी गणित तोंडी सांगितलं. या व्हरांड्याच्या या कोपऱ्यापासून समोरच्या टोकाच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली, तर ती किती फरश्यांवरून जाईल?

उत्कर्षा जागची हलली नाही. “पन्नास,” ती म्हणाली. “पंचेचाळीस आणि सहा, त्यातनं एक वजा.”

“ताणून बघ,” मॅडम म्हणाल्या आणि ऋतुजाच्या फरशीकडं वळल्या.

शिपायानं सुतळीचा गुंडा आणला. अकराही पोरं खडू टाकून धावली. दोघांनी टोकं धरली, आणि ऋतुजा सुतळीखालच्या एकेका फरशीवर खडूनं फुली मारत चालली. दुसऱ्या टोकाला पोचून ती परत मोजत आली, पुन्हा मोजत गेली, आणि भीत भीत म्हणाली, “उत्कर्षा, अठ्ठेचाळीसच हायत गं.”

“चुकलीस तू.”

ऋतुजानं तिसऱ्यांदा मोजलं. ही पोरगी एरवी कुणी चुकलीस म्हटलं की फडकं उचलायची. या वेळी तिनं फडकं उचललं नाही. ती सुतळीजवळ उकिडवी बसून बघत राहिली. मग तिनं दोन जागी बोट ठेवलं. “हितं आणि तितं. ह्या दोन ठिकाणी सुतळी बरोबर चार फरश्यांच्या कोपऱ्यावर पडती. तितं ती एकदम दोन रेघा ओलांडती.”

उत्कर्षा येऊन तिच्याशेजारी बसली. तिनं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं उत्तर चुकलं होतं आणि ते गणितातल्या शेवटून पहिल्या मुलीनं दाखवलं होतं. पोरं तिच्या तोंडाकडं बघत होती. उत्कर्षाचे कान लाल झाले. ती म्हणाली, “पण दोनच कोपरे का?”

त्याच क्षणी फिरदोस मॅडमना कळलं, की ही मुलगी आता खिडकीतून बाहेर बघणार नाही.

दोनच का, याचा नियम तिला हवा होता, कुठल्याही व्हरांड्याला चालेल असा. चार दिवस झाले, आठ झाले. ती रोज फरशीवर लहान लहान व्हरांडे काढायची आणि पुसायची. नवव्या दिवशी चनमल्लप्पा पुन्हा आले. लेक टाकीजवळ पालथी पडून खडू चालवत होती, गणवेशाची पार दशा झालेली.

“काय चाललंय गं हे?” त्यांनी विचारलं.

“अप्पा, जरा थांबा. आत्ता बोलू नका,” ती मान वर न करता म्हणाली.

चनमल्लप्पा चप्पल काढून खांबाला टेकून थांबले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. लेकीला एखादी गोष्ट येत नाही, हे ते पहिल्यांदाच बघत होते, आणि तरी ती खुश दिसत होती. एकाएकी ती उठून बसली आणि “दोघांना भाग जाणारी सगळ्यात मोठी संख्या!” असं ओरडली. “पंचेचाळीस आणि सहा, दोघांना तीननं भाग जातो, म्हणून एकाऐवजी तीन वजा करायचे!” ते ऐकून ऋतुजाही धावत गेली, आणि दोघींनी मिळून शेजारच्या चार फरश्यांवर ताळा करून पाहिला. चनमल्लप्पांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. त्यांनी चप्पल घातली आणि मॅडमना नमस्कार करून निघून गेले. पुन्हा ते तासाचं बोलले नाहीत.

जानेवारीत फिरदोस मॅडमना तापानं गाठलं. दोन दिवस अंथरुणात काढून तिसऱ्या दिवशी त्या कशाबशा पावणेदहाला शाळेत पोचल्या. आता पोरं हुंदडत असतील म्हणून घाईनं व्हरांड्यात वळल्या आणि थबकल्या. पँट घोट्यापर्यंत दुमडून माने सर फरश्यांमधून फिरत होते. मुख्याध्यापक व्हायच्या आधी ते गणिताचेच मास्तर होते, हे सगळे विसरले होते, खुद्द सरसुद्धा. मॅडमना पाहून ते ओशाळले.

“पुसायला पाणी कमी पडत होतं, म्हणून बघायला आलो होतो,” ते म्हणाले. त्यांच्या दोन्ही हातांना खडू लागला होता.

मार्चमध्ये परीक्षा झाली. मे महिन्यात निकालाचा दिवस उजाडला. दुपारी एकला निकाल लागणार होता आणि बाहेर ऊन नुसतं आग ओकत होतं. ऑफिसात अकराही पोरं, त्यांचे आईबाप, चनमल्लप्पा, उत्कर्षा, सगळे दाटीवाटीनं उभे. तानाबाईच्या पदराला आजही पीठ होतं. लालसाब सकाळपासूनच रंगाचा डबा घेऊन फाटकापाशी सावलीला बसला होता.

माने सर स्वतः कॉम्प्युटरसमोर बसले. आधी वर्गातली बाकीची मुलं झाली. उत्कर्षा शाळेत पहिली, गणितात नव्व्याण्णव. चनमल्लप्पांनी एक मार्क कुठं गेला हे विचारलं नाही. मग अकरांतले नंबर येऊ लागले. पास. पास. पास. दहा झाले. अकरावा नंबर ऋतुजाचा. तो टाकला आणि साइट अडकली.

पंख्याखाली कुणी हलेना. सरांनी पुन्हा नंबर टाकला. पांढरं पान नुसतं फिरत राहिलं. फिरदोस मॅडमच्या डोळ्यांसमोर पाचवीचा वर्ग आला, पण खरं सांगायचं तर त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. या पोरीनं सतरा नंबरच्या फॉर्मसाठी स्वतःचं पेन काढून दिलं होतं. ही पडली तर आपण तिच्याकडं कुठल्या तोंडानं बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. ऋतुजा मात्र आईचा हात धरून शांत उभी होती. “येईल मॅडम,” ती हळूच म्हणाली. “शेवटचं गणित मी दोनदा करून बघितलंय.”

पान उघडलं. माने सरांनी चष्मा पुसला, वाचलं, परत वाचलं. “गणित, अठ्ठावन्न,” ते म्हणाले. “पास. सगळी पोरं पास.”

मग जो गलका झाला तो फाटकापर्यंत गेला. तानाबाईनं पिठाच्या हातांनीच फिरदोस मॅडमच्या गालांवरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. उत्कर्षानं ऋतुजाला असं मिठीत घेतलं की दोघी खुर्चीवर आदळल्या. फिरदोस मॅडम भिंतीला टेकून मोठ्यानं रडल्या, आणि रडू लपवायला त्यांनी हातसुद्धा वर नेला नाही. जिंकलेल्या माणसानं रडायला काय हरकत आहे?

माने सर उठून फाटकाकडं निघाले. मागोमाग सगळी वरात निघाली. लालसाबनं शिडी लावली, बाराचा आकडा निळ्या रंगानं पुसला, आणि पांढऱ्या रंगात ब्रश बुडवून खाली पाहिलं. “तेरा करायचं न्हवं सर?”

माने सरांनी पाटीकडं पाहिलं. ‘जरा डावीकडं’ नाही, ‘जरा ठळक’ नाही. मग म्हणाले, “नको. ते ‘सलग’ पण पुसा, आणि ‘वर्षे’ पण.”

“मग लिहू काय?”

“लिहा, वर्ष पहिले.”

लालसाबचा ब्रश हवेतच राहिला. त्यानं सरांकडं पाहिलं, मग फिरदोस मॅडमकडं. बारा वर्षं हा आकडा त्यानंच वाढवत नेला होता, आणि त्यातल्या एका आकड्याखाली त्याचा मुलगा होता.  ते दोन शब्द लिहायला त्यानं अर्धा तास घेतला. एकेका अक्षराला दोनदा रंग दिला. पाटीवर झालं, ‘दहावी : १००% निकाल, वर्ष पहिले’.

लोक पांगले. लालसाब शिडी उतरून, हात पुसत मॅडमजवळ आला. “मॅडम,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “अतीक इक्कीस का हुआ. वो सतरा नंबर का फारम अब भी भरने आता क्या?”

“आता ना,” मॅडम म्हणाल्या. “फारम मैं भरती. मगर उसकू रोज साडेनऊ कू हितं भेजो, लालसाबभाई. हमाली कू उसके बाद जाने दो.”

“छुट्टी है ना अबी स्कूल कू?”

“मेरे कू कहां जाना है?”

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला अतीक आला. खांद्यावर हमालीचं फडकं होतं. व्हरांडा धुऊन स्वच्छ झाला होता आणि सगळ्या फरश्या रिकाम्या होत्या. मॅडमनी त्याला ऋतुजाची फरशी दाखवली आणि हातात खडू दिला.